दोन डावे बूट

"माझ्या टेबलावरून खराब बूट पुढे गेलाय? दाखवा आणि बक्षीस घ्या!" कॅनव्हासच्या बुटांच्या कारखान्यातले तपासनीस तीस वर्षं हे छातीठोकपणे सांगत आले होते. नापास बूट कुणी चोरून विकू नये म्हणून ते तिथल्या तिथे सुरीने चिरायचे. कारखान्याला साठ वर्षं झाली, त्या समारंभात 'चोख नजर' म्हणून पदकही त्यांनाच मिळणार होतं. बायकोने भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता!

त्या सकाळी तपासनीस मनातल्या मनात भाषण घोकत बूट तपासत होते. समारंभानिमित्त कंपनीने मुद्दाम जुनाट दिसणारे, पिवळट बूट काढले होते. हल्ली लोकांना नवे बूटही जुनेच हवे असतात, त्याला कोण काय करणार! कोपऱ्यावरचा एक जोड उचलला, तर दोन्ही बूट डाव्या पायाचे!

"शिवणाऱ्यांचे डोळे फुटलेत का?" सर्र, सर्र! दोन्ही चिरले.

तेवढ्यात शिपाई आला. "साहेब, इथे ठेवलेला जोड कुठाय? थोरल्या मालकांनी स्वतः शिवलेला, कंपनीतला पहिला! काचेच्या कपाटात ठेवायचाय."

तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायला जीभ रेटेना. चिरलेला जोड त्यांनी गुपचूप खणात कोंबला आणि ढिगातला एक पिवळट जोड पुढे केला. "हा घे. जरा पुसत होतो."

संध्याकाळी पदक गळ्यात पडलं, टाळ्या झाल्या. मग नव्वदीच्या थोरल्या मालकीणबाई कपाटापाशी गेल्या. "ह्यांच्याकडे तेव्हा साचा एकच, तोही डाव्या पायाचा! मी वर्षभर दोन डावे बूट घालून फिरले." त्यांनी आत डोकावलं. "अगबाई! एवढ्या वर्षांत ह्यातला एक उजवा झाला की!"

सगळे खो खो हसले. शिपाई तेवढा तपासनिसांकडे बघत राहिला. बूट चिरल्यापेक्षा ती 'पुसत होतो'ची थाप त्यांना जास्त झोंबली. ते मुकाट्याने खणातला जोड घेऊन आले.

"बाई, मी चिरला. वर खोटंही बोललो." गळ्यातलं पदक काढून त्यांनी कपाटात ठेवलं.

बाईंनी चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तेव्हा कुठे होतात हो तुम्ही? माझे पाय तरी वाचले असते!"

पदक अजून त्या चिरलेल्या जोडाशेजारीच आहे. घरच्या खिळ्याला बायकोने बाजाराची पिशवी अडकवली आहे. ती काढताना तपासनीस अजून मान वर करत नाहीत.