ट्रॉम्बोनमागून पियानो

नागावच्या श्रेयसला जागृतीशी लग्न करायचं होतं, जागृतीलाही त्याच्याशीच करायचं होतं. घोडं अडलं होतं तिच्या वडिलांपाशी. दयाराम लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत. अर्ध्या तालुक्याच्या वराती त्यांनी मांडवात पोचवल्या, पण लेकीचं नाव निघालं की त्यांना नेमकी नारळाला पाणी घालायची आठवण व्हायची. पियानो शिकवून पोट भरणारा जावई त्यांच्या डोक्यात बसत नव्हता.

श्रेयसनं मग शक्कल लढवली. पियानोची एक जुनी विलायती प्रेमधून त्यानं दोघांसाठी नव्यानं बांधली. सुरावट सगळी ट्रॉम्बोनला, स्वतःकडे नुसती साथ. पियानोचा सूर वाजल्या वाजल्या विरतो, ट्रॉम्बोनचा छाती असेल तोवर टिकतो, हे खरंच. पण सासऱ्याला पुढं करून खूश करावं हा आतला डाव. श्वास कुठं घ्यायचा त्या जागा त्यानं दयारामांनाच विचारून ठरवल्या. म्हातारा चक्क विरघळला. तालमीत ते खोलीभर फिरत, पण श्रेयसची नजर पट्ट्यांवर. त्याला पत्ताच नाही.

कार्यक्रम होता एका होमस्टेच्या अंगणात. दयारामांनी डोळे अर्धवट मिटले, पहिला सूर लावला आणि चालू लागले. करणार काय बिचारे, उभ्या जन्मात एका जागी थांबून त्यांनी काही वाजवलंच नव्हतं! खुर्च्यांमधून वाट काढत ते फाटकाबाहेर पडले. ट्रॉम्बोन पुढं निघाला म्हटल्यावर नागावकर कसले बसतात? तेही उठून मागं निघाले. धून इतकी संथ, की नाचणाऱ्यांचा एक पाय बराच वेळ हवेतच राहायचा.

अंगणात उरला श्रेयस आणि त्याची साथ. रडायचाच बाकी होता. तेवढ्यात ऐकायला आलेला बँडमधला अल्पेश आपला स्पीकरचा टेम्पो घेऊन धावला.

"पियानो टाक वर आणि तू पण चढ. दयारामदादा एकटं पडलं तर तुझं काय खरं न्हाय."

इलेक्ट्रिक पियानो टेम्पोत चढला, साथ पुन्हा सुरू झाली. केस डोळ्यांवर येत होते म्हणून अल्पेशनं स्वतःचा फेटा श्रेयसच्या डोक्यावर दाबला. जरीचा कुर्ता अंगात होताच. रस्त्यातली माणसं हात जोडून नवरदेवाला आशीर्वाद द्यायला लागली.

वरात आटपली की दयारामांचे पाय घराकडे वळत, तसे ते आजही वळले. शेवटचा सूर त्यांनी स्वतःच्या अंगणात सोडला आणि डोळे पुरते उघडले. समोर त्यांच्या बायकोनं, येसूबाईंनी, श्रेयसवरून भाकरतुकडा ओवाळून टाकलासुद्धा होता.

"अगं, कार्यक्रम हाय हा," दयाराम पुटपुटले.

"मग वाजवत दारात आनला कोनी?"

सगळा गाव दयारामांकडं बघत राहिला. त्यांनी ट्रॉम्बोन पुसला, पुन्हा पुसला. पुसायला काही उरलं नाही.

"दारात आनलेला नवरदेव मी अजून माघारी न्हेला न्हाय," ते शेवटी म्हणाले. "उतर खाली. येसू, चहाचं बघ."

चहाचं आधण जागृतीनं वरातीतून सटकून, मागच्या दारानं येऊन केव्हाच ठेवलं होतं.