सात कोट आणि लाल चिठ्ठ्या

शिंपीणबाई इंग्रजीच्या पहिल्या वर्गाच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. तिसऱ्यांदा आपटले तर वही कायमची बंद, असं त्या सगळ्या घराला सांगून बसल्या होत्या. आज संध्याकाळी सहाला ती तिसरी खेप होती, आणि आज पास व्हायचंच, हे त्यांनी सकाळचा चहा घ्यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

परीक्षा शब्दांना पुढे-मागे जोडायच्या तुकड्यांवर होती. बाईंना वाटलं, हा तर आपल्याच धंद्यातला प्रकार. मधला शब्द म्हणजे कोटाचं धड, पुढचा तुकडा म्हणजे कॉलर, मागचा म्हणजे खालचा काठ. दुकानात बँडवाल्यांचे सात कोट तयार होऊन टांगले होते. बाईंनी हाताला लागलेल्या लाल कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, कॉलरींवर 'अन', 'रि', 'डिस' टाचले, काठांवर 'फुल', 'लेस', 'अर', आणि पुटपुटत बटणं आणायला बाजारात गेल्या.

आता त्या दुकानात एक जुना नियम होता, आणि तो बाईंनीच घातलेला होता. लाल चिठ्ठी जिथे, उसवण तिथे. उसवायचं काम धाकट्या जावेकडे. ती हाताची चपळ आणि कधी काही विचारायची नाही, कारण विचारलं की बाई खेकसायच्या.

बाई परतल्या तेव्हा टेबलावर सात कॉलरी एकावर एक रचलेल्या होत्या आणि सातही कोटांचे काठ लोंबत होते.

"हे काय केलंस गं?"

"चिठ्ठ्या होत्या ना, ताई. वर पण नि खाली पण. मलाही वाटलं, एवढं काय बिघडलं असेल. पण म्हटलं, तुमची नजर बारीक."

"अगं, ते इंग्रजी होतं."

"मला काय ठाऊक? मी आपली टाचणी बघते."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नियम स्वतःचाच, त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती. पाचला बँडवाले येणार होते.

"बस मशीनवर," त्या म्हणाल्या. "काठ तू घे, कॉलरी मी लावते. आणि मी बोलेन ते तू माझ्यामागून म्हण. परीक्षा काही मी सोडत नाही."

मशीनच्या खडखडाटात दोघी ओरडून शब्द जोडत राहिल्या. सातवा कोट बँडवाले दारात उभे असताना इस्त्रीखालून निघाला. मग वाटेत उजळणी करून घ्यायला धाकटी त्यांच्यासोबत वर्गापर्यंत गेली आणि दाराजवळच्या बाकावर टेकली.

"लॉकच्या पुढे 'अन' लावला," शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं. "तो काय करतो?"

बाई पदराच्या काठावर चिठ्ठी शोधू लागल्या.

"उसवतो," बाकावरून आवाज आला.

"अहो, तुम्हाला नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या, पण हसल्या. "बरं, बाई, मग 'रि' काय करतो?"

बाईंच्या डोळ्यांपुढे सातही कॉलरी उभ्या राहिल्या.

"पुन्हा शिवायला लावतो," त्या दातओठ खाऊन म्हणाल्या, आणि पुढची नऊ उत्तरं त्यांनी न थांबता दिली.

बाई पास झाल्या. मॅडमनी बाकावरचीचंही नाव वर्गात घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानात नवा नियम लागला, इंग्रजी फक्त पिवळ्या कागदावर. तो धाकटीनं घातला होता, आणि का म्हणून विचारायची बाईंची हिंमत झाली नाही.