घड्याळजींची घरगुती पेस्ट

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून टूथपेस्टच्या नळीमागचा बारीक मजकूर वाचला आणि त्याच दिवशी घरातली रसायनं हद्दपार केली. दातांसाठी त्यांनी खडूची भुकटी आणि लवंगेचं तेल कालवलं. बेसिन घासायच्या पेस्टला मात्र पर्याय सापडेना. मग तिचा प्लास्टिकचा डबा तरी फेकला आणि ती काचेच्या बरणीत भरली. दोन्ही बरण्या सारख्याच. डावी दातांची, उजवी बेसिनची.

"नावं तरी चिकटवा," बायको म्हणाली.

"कशाला? घर आपलंच आहे."

घर आपलं असलं, तरी सासरे पाहुणे होते. एका सकाळी ते तोंडभर फेस घेऊन न्हाणीघरातून बाहेर आले. "जावईबापू, तुमची पेस्ट झकास हं!" त्यांच्या हातात उजवी बरणी होती.

घड्याळजी ओरडत धावले. "बाबा, गिळू नका! चूळ भरा! अजून भरा!"

"अहो, दात आहेत की पातेली?" म्हणत सासरे पुन्हा आत गेले.

घड्याळजींनी डॉक्टरांना फोन लावला. "डब्यावर घटक लिहिलेले असतात, ते वाचा," डॉक्टर म्हणाले.

"डबा... मीच फेकला हो."

"मग त्यांना ताबडतोब इकडे आणा!"

ज्या बारीक अक्षरांना घड्याळजी उठताबसता शिव्या घालत, त्यांच्यासाठी आता त्यांचा जीव कासावीस झाला. इतक्यात बायको दूध घेऊन आली. सगळं ऐकून तिने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"हळू बोला. दोन्ही बरण्यांत दुकानातली टूथपेस्ट आहे."

"दोन्ही?"

"तुमच्या खडूनं हिरड्या सोलवटल्या माझ्या, म्हणून डावी बदलली. आणि एक ना एक दिवस कुणीतरी उजवीत ब्रश बुडवणार, म्हणून तीही. बेसिनची पेस्ट वरच्या फळीवर आहे, नव्या डब्यात. लेबलासकट."

"म्हणजे मी दुकानात गिऱ्हाइकांना खडूची करामत म्हणून दात दाखवत होतो, ते..."

"दाखवा की. छान दिसतात."

घड्याळजींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "तू होतीस म्हणून वाचलो गं!"

"तुम्ही नाही, बाबा वाचले. आधी डॉक्टरांना कळवा."

फोन ठेवतात न ठेवतात, तोच सासऱ्यांनी हाक मारली. "जावईबापू, कृती सांगा बुवा त्या पेस्टची. घरी करीन म्हणतो."

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं.

"हातगुण लागतो, बाबा," बायको शांतपणे म्हणाली. "यांच्याशिवाय कुणाला जमत नाही. जाताना बरणी भरून देतील."

घड्याळजी मुकाट्याने आत गेले आणि नळी पिळायला बसले.