सासऱ्यांची स्कूटर, नानांची बेरिंग

नाना दिघ्यांच्या घरात हातोडा नव्हता. आणि दुसऱ्याचा हातोडाही त्यांच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकत नसे. एकदा मागचं दार बसवायला सुतार आला, तर नानांनी त्याला हातोडा बाहेर चपलांशेजारी ठेवायला लावला.

"मंग खिळा काय दातानं ठोकू?" सुतार म्हणाला.

"खिळा कशाला? खुंटी कर. लाकूड लाकडात आपणहून बसतं."

सुतार जो गेला तो परत आलाच नाही. ते दार पुढे कितीतरी दिवस भिंतीला टेकून उभं होतं. आल्यागेल्याला नाना ते कौतुकानं दाखवायचे. "बसेल हो. घाई कुणाला आहे? मला, की दाराला?"

कर्जतच्या भिसेगावात आमच्या अगदी समोर त्यांचं घर. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. काकू वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. उंच, हडकुळे, बाराही महिने अंगात बनियन आणि कमरेला तेलाची छोटी बुधली. "जगात न सुटणारी वस्तू नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तिला तेल द्यावं, ऊब द्यावी आणि आपण गप्प बसावं." पहिल्या दोन गोष्टी ते मनापासून करत. गप्प बसणं मात्र त्यांना जन्मात जमलं नाही.

आमच्या आळीत एका वास्तुशांतीला त्यांना नारळ फोडायला सांगितला होता. सांगणाऱ्याचं चुकलंच म्हणा. नाना नारळ घेऊन निखाऱ्यांशी जाऊन बसले आणि तो हळूहळू फिरवायला लागले. भटजी तोच तो मंत्र पुन्हा पुन्हा म्हणून घायकुतीला आले. पंगतीला बसलेली माणसं अन्न निवतंय म्हणून कुरकुरायला लागली. शेवटी करवंटी तडकली आणि आतून अख्खा गोटा बाहेर आला, ओरखडासुद्धा नाही! नानांनी तो भटजींच्या हातात ठेवला. भटजी म्हणाले, "नाना, नारळ फुटायला हवा होता हो. हा तर तुम्ही सोललात!"

पूर्वी लोक अडकलेल्या वस्तू त्यांच्याकडे आणत. गंजलेली कुलपं, शिवणयंत्रं, सायकलीची पायडलं. मग खोपोलीच्या रस्त्याला एका फिटरनं दुकान काढलं. तो काम चुटकीसरशी करून द्यायचा, वस्तू मोडली तर मोडली. लोकांना तेच आवडलं. खरं सांगायचं तर मीही नानांच्या ओट्यासमोरून मान खाली घालूनच जायचो. "काय मास्तर, आज लवकर?" असं त्यांनी विचारलं की माझी संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. मी कडावच्या शाळेत मास्तर. दिवसभर पोरांपुढे बडबड करून आल्यावर आणखी कुणाची बडबड ऐकायची म्हणजे शिक्षाच की हो!

पण माझ्यावर वेळच तशी आली.

माझे सासरे अण्णा खालापूरला राहायचे. त्यांची एक स्कूटर होती, परदेशी बनावटीची, एका पारशी गृहस्थाकडून घेतलेली. त्या काळात नव्या स्कूटरला नंबर लावून माणसं म्हातारी व्हायची, तेव्हा असली स्कूटर म्हणजे घरचा हत्तीच. अण्णा तिला रोज पुसायचे, सणावाराला हळदकुंकू वाहायचे. ते महिनाभर नागपूरला थोरल्या मुलीकडे निघाले, तेव्हा स्कूटर त्यांनी माझ्या स्वाधीन केली. "चालवा हो जावईबापू, बिनधास्त चालवा. फक्त तिला चरा पडला तर तो माझ्या काळजाला पडेल, एवढं लक्षात ठेवा."

बिनधास्त म्हणे!

महिना संपत आला आणि एके दिवशी कडावहून येताना स्कूटरच्या पोटातून विव्हळल्यासारखा आवाज यायला लागला. ढकलत ढकलत फिटरकडे नेली. त्यानं इंजिन उतरवून खोललं आणि आतली एक पोलादी कडी बोटानं फिरवून दाखवली. ती करकर वाजली.

"बेरिंग गेली. झिजली जुनी होऊन."

"मग बदल ना."

"बदलतो की. पन बसलीय घट्ट. छिन्नी लावून दोन घाव घालतो, निघंल. ह्यो भवतीचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा हाय, तडकला तं मला बोलायचं नाय हां."

नवी बेरिंग मुंबईहून माझ्या भावानं आणून दिली असती, पण तो भवतीचा भाग, इंजिनाचं कवच, ते कुठून आणणार? त्या स्कूटरीचे सुटे भाग मिळणं म्हणजे देव भेटणं. मी फिटरच्या हातातून ते कवच अक्षरशः ओढून घेतलं, पिशवीत घातलं आणि सरळ नानांच्या ओट्यावर जाऊन बसलो. गरज पडली की माणसाला शेजारी आठवतात, दुसरं काय!

नानांनी कवच मांडीवर घेतलं, फडक्यानं पुसलं, बेरिंगवरून बोट फिरवलं. "छान धरून बसलीय," ते म्हणाले. "हिला काढायचं नाही, मास्तर. ती आली पाहिजे."

"कधी येईल?"

"घाई कुणाला आहे? तुम्हाला, की बेरिंगला?"

पहिल्या संध्याकाळी त्यांनी बेरिंगच्या कडेनं थेंब थेंब तेल सोडलं आणि चहा केला. गोडमिट्ट. मग तरुणपणी गावच्या नाटकासाठी रंगवलेल्या पडद्याची हकिगत सांगितली. त्या पडद्यावरचा राजवाडा इतका खरा वाटायचा म्हणे, की एक नट त्याच्या दारातून आत जायला गेला. दुसऱ्या संध्याकाळी, बुधवारी, पुन्हा तेल, पुन्हा चहा आणि पडद्याचा उरलेला भाग. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी कवच राकेलनं धुतलं, त्यात चांगला तास घालवला. बेरिंग आपली जागच्या जागी. आता तर मी घरून खारे शेंगदाणेही नेऊ लागलो होतो.

शेवटी माझा धीर सुटला. "नाना, अण्णा रविवारी येतायत हो!"

"येऊ देत की. चांगला माणूस आहे."

"अहो, माझं सासर जाईल!"

"जोर लावलात तर कवच जाईल," नाना शांतपणे म्हणाले. "सासर काय, समजूत घातली की परत मिळतं."

मी आणखी चार शेंगदाणे तोंडात टाकले.

शुक्रवारी मात्र त्यांनी आपला बेत सांगितला. अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादापेक्षा जास्त फुगतं. बाकावर पाहुणा आला की आपण जरा सरकून घेतो ना, तसं कवच सरकतं आणि बेरिंग सैल होते. पण चुलीवर एकाच अंगानं तापवलं तर कवच वाकडं होणार. सगळीकडून सारखी ऊब हवी. "आणि सारखी ऊब कर्जतात एकाच ठिकाणी मिळते," नाना म्हणाले. "बाळू पाटलाच्या भट्टीत."

बाळूची बेकरी स्टेशनच्या वाटेवर होती. शनिवारी दुपारी पावांचे पत्रे बाहेर निघाले, विस्तव ओढून घेतला आणि पावांच्या जागी माझ्या सासऱ्यांच्या स्कूटरचं कवच आत गेलं. भावानं मुंबईहून आणून दिलेली नवी बेरिंग मी सोडावाल्याच्या बर्फात ठेवून आलो होतो. गार झाली की ती आकसते, म्हणून नानांचा हुकूम. बाळू कमरेवर हात ठेवून उभा होता. "नाना, धुतलाव ना नीट? पावाला वास मारला तं लोकं मला भट्टीत घालतील!"

आणि त्याच वेळी मागून ओळखीचा खोकला ऐकू आला. अण्णा! हातात ट्रंक. एक दिवस आधीच आले होते आणि खालापूरच्या नातीसाठी खारी घ्यायला वाटेत थांबले होते.

"अरे वा, जावईबापू! तुम्ही इथे? भट्टीत काय भाजताय?"

"इंजिन," मी म्हणालो.

"कसलं?"

"तुमचं."

अण्णांनी ट्रंक खाली ठेवली. स्वतःही ट्रंकेवर बसले. मी काय झालं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "भट्टीत? माझी स्कूटर पावाच्या भट्टीत? वितळली तर? काढा ती बाहेर! हाणा एक घाव आणि मोकळे व्हा!"

"घाव?" नाना गर्रकन वळले. मी त्यांना चिडलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "अण्णासाहेब, एवढी वर्षं पुसलीत तिला, आणि आता घाव घालता?"

अण्णा उठले आणि त्यांनी ट्रंक बाजूला घेतली.

नानांनी गोणपाटानं धरून कवच बाहेर काढलं. त्यावर पाण्याचा शिपका मारला. थेंब तव्यावरच्यासारखे थुईथुई नाचले. "झालं," ते म्हणाले. खाली घडी केलेलं पोतं होतं. त्यावर त्यांनी कवच हलकेच उपडं धरलं. बाळू, अण्णा, मी, आणि पाव घ्यायला आलेल्या दोन बाया, सगळे श्वास रोखून वाकलो.

टप्.

बेरिंग पोत्यावर पडली होती. घाव नाही, ओढाताण नाही, झाडावरून पिकलं जांभूळ पडावं तशी आली. मी धावत जाऊन बर्फातली नवी आणली आणि ती त्या गरम जागेत अल्लाद जाऊन बसली. अण्णांनी चष्मा लावून कवच सगळीकडून बघितलं. "चरा नाही," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "एक चरा नाही हो!" माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं वाटलं की मी बाळूलाच मिठी मारली आणि पीठ माझ्या सदऱ्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी सांगितलं तसं फिटरनं इंजिन जुळवलं. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. आता तिच्यातून नुसती गोड गुणगुण येत होती. अण्णा खारीचा पुडा हँडलला अडकवून, नानांना वाकून नमस्कार करून खालापूरला गेले. सासर शाबूत राहिलं. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो.

सोमवारी पाव आणायला गेलो, तर बाळू हसायला लागला. "काय मास्तर, निघाली ना शेवटी? नाना पन काय मानूस हाय!"

"का रे?"

"आवं, ती तं बुधवारीच निघाली हुती! नाना दुपारचे एकटेच आलं हुतं कवच घेऊन. अशीच टपकन पडली. मी म्हनलं, झालं तुमचं काम. तं त्यांनी ती हातात घेतली, जरा वेळ बघितली, आन् कवच गार व्हायच्या आत परत बसवली. म्हनलं, ह्ये काय? तं बोलले, आज नको. मास्तर संध्याकाळचे येतात." बाळूनं पाव कागदात बांधले. "त्या दिवशी पावाला तेलाचा वास लागला. आमी किती शिव्या खाल्ल्या, म्हायतीय?"

मला आधी संताप आला. मी इकडे सासऱ्याच्या भीतीनं अर्धा झालो होतो, आणि हा म्हातारा सुटलेली बेरिंग परत बसवून मला राजवाड्याचा पडदा ऐकवत होता! तणतणत घरी आलो आणि शालूला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. वाटलं, ती माझ्याहून जास्त चिडेल. बाप तिचा, स्कूटर तिच्या बापाची.

शालू पाव हातात धरून समोरच्या ओट्याकडे बघत राहिली. नाना एकटेच बसले होते. बुधली पुसत होते, जी आधीच स्वच्छ होती. रस्त्यानं जाणाऱ्या एकाला त्यांनी काहीतरी विचारलं, आणि तो मान खाली घालून भराभर पुढे गेला. मला माझीच चाल आठवली.

"अहो," शालू म्हणाली, "आपला फिरकीचा तांब्या आहे ना, त्याचं झाकण अडकतं का हो?"

"नाही. चांगलं उघडतं."

"मग अडकवा ना!"

मी तांब्या मोरीत नेला आणि जीव खाऊन त्याची फिरकी आवळली. तळहात लालभडक झाले. संध्याकाळी तो आणि शेंगदाण्यांची पुडी घेऊन समोर गेलो. नानांनी तांब्या उलटसुलट करून पाहिला, फिरकीला हात लावून पाहिला. मग माझ्या तळहातांकडे पाहिलं.

"कुणी आवळलं एवढं?"

"शालूनं."

"असं होय," नाना म्हणाले. तांब्या मांडीवर घेऊन ते थोडा वेळ गप्प बसले, खरोखरच गप्प. मग बुधलीचं बूच काढत म्हणाले, "हे आजच्या आज व्हायचं नाही, मास्तर. उद्या या. आणि शालूलाही आणा. तिचा तांब्या, तिनं बघायला नको?"