मोहितेकाकांचं आयोवा

बोईसरला सरावलीच्या रस्त्यावर मोहितेकाकांनी हात वर केला की रिक्षा थांबते. काकांना कुठेच जायचं नसतं.

"चाचा, बैठना नहीं तो हाथ काहे को दिखाया?" रिक्षावाला करवादतो.

"अरे बाबा, राम राम केला तुला!"

ही खोड अमेरिकेची. काका मूळचे साताऱ्याचे, तारापूरच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला. काकू गेल्यावर लेक सुषमा त्यांना सहा महिने आपल्याकडे घेऊन गेली. न्यूयॉर्क-बियॉर्क नाही हं, आयोवातलं एवढंसं गाव, चहूकडे मका. तिथे म्हणे गाडीतला अनोळखी माणूसही हात करतो. तेव्हापासून काका बोईसर सुधारायला निघालेत. "आमच्याकडे असं नसतं," हे पालुपद. आमच्याकडे म्हणजे आयोवा! आमच्याकडे हॉर्न वाजत नाही, आमच्याकडे दाराला कुलूप नसतं. आम्ही शेजारी अगदी विटलो.

दांडीची कोळीण मावशी बोंबील घेऊन आली तरी तेच. ती एकदा फणकारली, "काका, तुमच्याकडं म्हंजे कुठं? तुमी तं हितंच रावता! बोंबील घ्यायचं हाय का नाय?"

काकांनी मुकाट्याने घेतले.

गेल्या महिन्यात सुषमाने कळवलं, बाबा, आता कायमचेच या. रविवारी सांगा, तिकीट काढते. मी म्हटलं, चला, काकांचं सोनं झालं. रविवारी चहा घेऊन वर गेले, तर काका फोनवर कण्हत होते, "नको गं, गुडघे धरलेत. विमानात बसवणार नाही." आदल्याच दिवशी हा माणूस शिरगावच्या किल्ल्याचा बुरूज चढून आला होता!

फोन ठेवल्यावर मी झापलंच. "काका, धडधडीत खोटं? पोरगी एवढा जीव टाकते!"

"म्हणूनच," काका म्हणाले. "नर्स आहे ती. मला गरम भात मिळावा म्हणून रोज दुपारी अर्धा तास गाडी हाकत घरी यायची. बर्फातनं. परत तेवढंच जायचं. एकदा गाडी घसरली. मला बोलली नाही, पण पत्रा चेपलेला मी बघितला ना." चहा तसाच निवत होता. "सबंध हिवाळा खिडकीत बसून काढला. ती दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा."

मी कप त्यांच्या हातात दिला. "मग त्या गावाचं एवढं कौतुक कशाला करता हो?"

"लेक राहते ना तिथं," काका म्हणाले. "गाव चांगलंच असलं पाहिजे."