चांगोच्या अंगातला राणोजी

चांगो जेवायला बसला की सोनुबाई त्याच्या ताटाशी येऊन बसायची. मासळीचा तुकडा आधी तिच्या बोटांत जायचा, त्यातला काटान् काटा निघायचा आणि उरलेला चुरा चांगोच्या भातावर पडायचा. भात निवला की नाही हेही तीच बोट घालून बघायची. ऐकणाऱ्याला वाटेल, पोर अजून रांगतं असेल. पण चांगो भाताचा ओला भारा एकट्यानं डोक्यावर घेणारा, मिशा फुटून जुना झालेला गडी होता आणि त्याची बायको मैना चुलीशी बसून हा सोहळा रोज बघत होती. पदर तोंडावर असल्यामुळे ती हसते की रडते हे कळायला मार्ग नव्हता.

खालापूरच्या खालच्या अंगाला, पाताळगंगेच्या काठी त्यांचं घर. नवरा गेल्यावर सोनुबाईनं शेती राखली, एकुलता पोरगा वाढवला. पण पोरगा वाढला की वाढवणं थांबवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. चांगो बांधावरून निघाला की ही पुढे, निसरडं बघत. वाटेत कुणी विचारलं, "काय चांगो, बरा हायेस ना?" तर सोनुबाई सांगायची, "बरा हाय. काल जरा शिंकला." बैल घ्यायला दोघं बाजारात गेली तेव्हा बैलवाल्यानं बैलाचा जबडा उघडून चांगोपुढे धरला, आणि चांगो आईच्या तोंडाकडे बघत राहिला.

एवढ्या सुखात चांगोला दुखणं लागलं. डोळ्याला डोळा लागेना. घास घशाखाली उतरेना. बसल्या जागी छाती धडधडायची. एकदा आवणीच्या वेळी, भाताची रोपं लावताना, मैनेनं सहज विचारलं, "भाकर आता खाता का मागनं?" तर त्याला दरदरून घाम फुटला. आपल्याला आता हवी की मागाहून, हे त्याला खरोखरच सांगता येईना.

सोनुबाईनं त्याला खालापुरात वैद्याकडे नेलं.

"काय होतंय?" वैद्यानं चांगोला विचारलं.

"झोप नाय त्याला," सोनुबाई म्हणाली. "आन् छातीत धडधडतंय."

"जीभ बघू."

सोनुबाईनं आपली जीभ बाहेर काढली. वैद्य भला माणूस. त्यानं ती बघितली, मान हलवली आणि काढा दिला. काढा कडू आहे, पोराला सोसेल का, म्हणून सोनुबाईनं घरी आल्यावर आधी स्वतः चाखला, मग नीट कळावं म्हणून पुन्हा चाखला. पुढचे दोन दिवस ती परसात येरझाऱ्या घालत होती आणि चांगो होता तसाच राहिला.

तेव्हा सगळ्यांचं मत पडलं की हे औषधाचं काम नाही, बाहेरचं आहे. गोमा भगताला बोलावणं गेलं. गोमा हा बारा वाड्यांचं पाणी प्यालेला माणूस. भुतं बोलती करण्यात त्याचा हात धरणारा त्या मुलखात नव्हता. त्यानं चांगोला अंगणात पाटावर बसवलं, धूप घातला, तांदूळ उधळले आणि दरडावून विचारलं, "कोण हायेस तू?"

"माजा चांगो हाय तो," सोनुबाई म्हणाली.

"बाय, तू गप ऱ्हा. तुला नाय इचारलं. ह्याला इचारलंय."

चांगोनं दचकून वर बघितलं. आईला गप्प बसवून आपल्याला विचारणारा माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. त्यानं तोंड उघडलं आणि भलत्याच जाड आवाजात शब्द बाहेर पडले.

"मी राणोजी. घाटावरचा."

अंगणातली माणसं दोन पावलं मागे सरली. सगळ्यात जास्त घाबरला तो चांगो. पण आता शब्द गेला होता.

"कसा मेलास?"

"बोरघाटात घोड्यावरनं पडलो."

"काय पायजे तुला? कोंबडा देऊ? नारळ देऊ?"

चांगोनं डोळे मिटले. काय पाहिजे ते धुंडाळायला त्याला बराच वेळ लागला. गोमाला वाटलं, मोठं बोकडाचं मागणं येतंय.

"खळ्यावर एकट्याला निजायचंय," राणोजी म्हणाला.

"आन्?"

"मासळीचे काटे माजे मी काढनार. बांधावर माज्या फुडं कुनी चालायचं नाय."

गोमानं तांदळाची मूठ खाली ठेवली. त्यानं रक्त मागणारी भुतं बघितली होती, दारू मागणारी बघितली होती. काटे काढायला मागणारं भूत त्याच्या बापाच्याही कानावर आलेलं नव्हतं. पण मागणं स्वस्तातलं होतं. "देऊन टाक बाय," त्यानं सोनुबाईला सांगितलं. "घाटावरच्याशी वाकडं नको."

सोनुबाईनं हात जोडून कबूल केलं. भुताचा शब्द मोडायची तिची छाती नव्हती.

त्यानंतर चांगोनं पंधरवडाभर राज्य केलं. खळ्यावर तो मेल्यासारखा झोपला. मासळी स्वतः खाल्ली. एकदा घशाशी काटा टोचला तोही त्याला गोड लागला. बांधावरून एकदा घसरला आणि चिखलात बसून मोठ्यानं हसला. आईनं कुठं ढवळाढवळ सुरू केली की तो आवाज जाड करी आणि म्हणे, "राणोजी बोलतोय." लगेच सगळं जागच्या जागी.

मैना काही दुधखुळी नव्हती. एके दिवशी खळ्यावर भाकरी देताना ती म्हणाली, "राणोजींना येक सांगाल का?"

"काय?"

"मला चार दिस माहेराला जायचंय. दोन साल झाली, तुमच्या आयनं धाडलं नाय."

मैनेनं पदर खाली घेतला. ती हसतच होती, आणि तिला उजव्या गालावर खळी पडते हे चांगोला त्या दिवशी कळलं. राणोजीनं संध्याकाळीच हुकूम सोडला आणि मैना माहेरी जाऊन आली.

इथंच थांबतं तर गाडी रुळावर होती. पण सोनुबाईचे हात रिकामे झाले होते, आणि रिकामे हात तिला सोसत नसत. एके सकाळी ती खळ्यावर येऊन चांगोपुढे बसली.

"राणोजी हायेस काय रं?"

"हाय," चांगोनं आवाज जाड केला.

"किती वर्साचा होतास, गेलास तवा?"

"ह्याच्याच वयाचा."

"आय हाय तुला?"

"नाय," चांगो म्हणाला. आई आहे म्हटलं तर ही तिला शोधायला घाट चढेल, या भीतीनं तो तसं म्हणाला.

सोनुबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बिनआयचं लेकरू," ती पुटपुटली. "तरीच कुनाच्या बी अंगात शिरतंय."

दुसऱ्या दिवसापासून चांगोपुढे दोन ताटं आली. एक चांगोचं, एक राणोजीचं. चांगोचं साधं होतं. राणोजी घाटावरचा म्हणून तिनं कुठूनसे जोंधळे मिळवले होते आणि त्याच्या भाकऱ्या थापल्या होत्या. पोट मात्र दोघांत एकच.

"मासळीचे काटे काढलेत तुजे," ती राणोजीला म्हणाली.

"माजे मी काढनार असं ठरलं होतं," राणोजी म्हणाला.

"ते चांगोचं. तो काढील आपले. तू घाटावरचा, तुला कुठली सवय?"

मग राणोजीला थंडी वाजते म्हणून खळ्यावर गोधडी आली, गोधडीमागून सोनुबाई आली. राणोजी एकदा घोड्यावरून पडलेला, म्हणून बांधावर ती पुन्हा पुढे चालू लागली. चांगोनं आवाज कितीही जाड केला तरी तिला दरारा वाटेना. "घसा बसलाय तुजा," म्हणून ती हळद घालून दूध आणायची. आता चांगोला पळायलाही जागा उरली नाही. पूर्वी तो आपल्यातून राणोजीत पळत होता. आता राणोजीतून कुठं पळणार? छातीची धडधड पुन्हा सुरू झाली.

त्यावर सोनुबाईनं कळस केला. बिनलग्नाचा गेला म्हणून पोराचा जीव भटकतोय, असं तिच्या मनानं घेतलं. रुईच्या झाडाशी राणोजीचं लग्न लावायचं तिनं ठरवलं. गोमाला विचारलं. गोमा म्हणाला, लग्न लागलं की भूत कुटुंबवत्सल होतं, मग ते घर सोडून कुठं जात नाही. सोनुबाईला हेच ऐकायचं होतं.

लग्नाच्या सकाळी चांगोला हळद लावायला बायका जमल्या. मैना त्याच्या कानाशी वाकली. आज ती हसत नव्हती.

"मी लगीन चांगोशी केलं," ती म्हणाली. "राणोजीसंगं नांदायला मला सांगू नका."

चांगोला पाटावर उभं केलं. समोर कुंडीत रुई, मध्ये पंचा धरलेला. सगळं गाव अंगणात. गोमानं विचारलं, "राणोजी, बायकू पसंत हाय का?"

चांगोच्या घशाशी जाड आवाज आला होता. त्यानं तो गिळला. आई टक लावून बघत होती.

"मी राणोजी नाय," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला, पण त्याचा स्वतःचा होता. "मी चांगो. राणोजी कवाच नव्हता. खळ्यावर निजायचं होतं ते मला. काटे काढायचे होते ते बी मला. तुला सांगायचं धाडस नव्हतं, आये."

पंचा धरणाऱ्यांचे हात अवघडले. सोनुबाई पुढे आली, तिनं चांगोच्या डोळ्यांत निरखून बघितलं, एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. मग ती मटकन खाली बसली.

"गेला," ती म्हणाली. "न सांगता गेला माजा राणोजी."

"आये, तो नव्हताच."

"तू नको बोलू. तूच घालवलास त्याला. चांगला गुनी पोर. वाढलं ते खायचा, दूध दिलं तर प्यायचा. तुज्यासारखा नव्हता उलट बोलनारा."

तिनं चांगोशी अबोला धरला. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. तो घसरो, शिंको, उपाशी झोपो, तिनं ढुंकून बघितलं नाही. चांगोला वाईट वाटत होतं, पण झोप मात्र रोज लागत होती. मैनेनं विचारलं, "भाकर आता का मागनं?" तर तो म्हणायचा, "आत्ता." कधी म्हणायचा, "मागनं." दोन्ही त्याला जमू लागलं.

सोनुबाई अमावास्येला टोपलीत जोंधळ्याच्या भाकऱ्या घेऊन खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी जाऊ लागली. राणोजी तिथंच कुठं असेल, म्हणून त्याच्यासाठी त्या ठेवून यायची. पुढे पुढे ती अमावास्येची वाट बघेना. उठली की खोपोली. एकदा दोन दिवस झाले तरी परतली नाही, तेव्हा चांगोला राहवेना. तो शोधायला निघाला.

आगगाडी घाट चढू लागून बरीच वर्षं झाली होती, तरी बैलगाड्यांचा तळ पायथ्याशी पडायचा. चांगो तळाजवळ आला आणि एका झाडाआड थांबला. घाटावरचे दहाबारा दांडगे गाडीवान रांगेनं बसले होते. वारं लागू नये म्हणून भर उन्हात प्रत्येकाच्या कानाला फडकं गुंडाळलेलं होतं. सोनुबाई टोपली घेऊन एकेकापुढे वाकत होती. "अजून अर्धी. एवढ्या अर्ध्या भाकरीनं घाट चढनार हायेस व्हय?" पांढऱ्या मिशांच्या एका गाडीवानानं नको म्हणून हात आडवा धरला. तिनं तो बाजूला सारला आणि भाकरी वाढली. गाडीवान गुमान खाऊ लागला.

मग त्याची नजर झाडाआडच्या चांगोवर गेली. त्यानं मानेनंच त्याला जवळ बोलावलं आणि सोनुबाईकडे डोळे करून हळूच विचारलं, "पाव्हणं, ही तुमची आई काय?"

चांगोनं आईकडे बघितलं. ती घामाघूम झाली होती आणि फार दिवसांनी तिच्या तोंडावर तेज होतं.

"नाय," तो म्हणाला. "राणोजीची."

आणि तिनं मान वर करायच्या आत तो लांब लांब ढांगा टाकत घरच्या वाटेला लागला.