साडेसातची मोटर आणि आडवे जंतू

निरगुडसरच्या दादाभाऊंची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा होती. विहिरीवरच्या साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीपुढं जगातली कुठलीच घाण टिकत नाही! ट्रॅक्टर, गोठा, बैल, एकदा तर सत्यनारायणाची भांडीसुद्धा त्यांनी तिच्याच फवाऱ्याखाली धुतली होती.

पण धार काढायच्या मशीनच्या नळीत काहीतरी बसलं होतं. दोनदा दूध नासलं, दोनदा डेअरीनं परत पाठवलं. सकाळी दूध केंद्रावरच्या कुंडलिकनं सांगूनच टाकलं, "भाऊ, संध्याकाळी परत तसंच निघालं तर तुमचं दूध कायमचं बंद." सहा गाईंचं दूध, ओतायचं कुठं?

त्यांची लेक तेजस्विनी मायक्रोबायॉलॉजी शिकत होती. तिनं नळीतला बुळबुळीत थर बारीक काचेच्या नळीत घेतला, सिरिंजनं पाणी सोडलं आणि कॉलेजातून घरी आणलेल्या मायक्रोस्कोपखाली बापाला दाखवला.

"अप्पा, हे लांबुळके जंतू बघा. एका टोकानं काचेला चिकटलेत."

पाणी सोडलं की सगळे आडवे व्हायचे. पाणी थांबलं की पुन्हा उभे. दादाभाऊंना तो स्वतःचा अपमान वाटला.

"जोर वाढवला तर?"

"आणखी सपाट झोपतात. पाणी वरनं निघून जातं, त्यांना धक्काच लागत नाही. गरम पाणी, सोडा आणि ब्रशनं घासायला लागंल."

"मंजी जोर कमी पडतोय," दादाभाऊ म्हणाले, आणि नळी घेऊन विहिरीकडं गेले.

मोटरीला जोडताच नळी दुधी भोपळ्यासारखी फुगली आणि फाटकन फुटली! सहाच्या सहा गाई दावी तोडून उसात घुसल्या. तेजस्विनीनं फुटक्या नळीचा एक तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला.

"गेले का गं?" दादाभाऊंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"नाय अप्पा. हायेत तिथंच."

दादाभाऊ गव्हाणीत डोकं धरून बसले. संपलं सगळं, आता गाई विकायच्या आणि देवदेव करायचा. त्यांच्या बायकोनं, अवसरीच्या पुष्पानं, गाई हुडकून आणल्या, बादली घासली आणि सहाही गाईंची धार हातानं काढली.

संध्याकाळी केंद्रावर कुंडलिकनं दूध तपासलं, परत तपासलं आणि खुश झाला. "एक नंबर दूध, भाऊ! मशीन बदलली वाटतं. कुठली हाय?"

दादाभाऊंची मान वर होईना. सुजलेली बोटं पदराला पुसत शेजारी उभी असलेली पुष्पाच बोलली, "अवसरीची हाय. उद्यापासनं चार दिवस माहेरी चाललीय."